माहेर नावाची डबी

नेरळ
१२ जानेवारी २०२५

अब्बासभाई यांस,

सलाम. मी जुळवलेल्या झुहेबच्या लग्नात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आपल्याशी यापुढे एक शब्द बोलणार नाही. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. फोन म्हणजे बोलणंच, म्हणून फोन करत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आपला विश्वास नाही. राहिलं पत्र.

काम संगणकाचं आहे. तो आपणच आणून बसवलात. त्यातलं विंडोज काढून लिनक्स आपणच घातलंत. आता तो आपल्याशिवाय कुणाला कळत नाही. नेरळच्या दुकानदाराला दाखवला. त्याने लांबूनच हात जोडले.

आठवडाभर त्यातून खरखर येते आहे. माझा स्थळांचा सगळा कारभार त्यात आहे. मुलांचे बायोडेटा, मुलींचे बायोडेटा, फोटो, कोण कुणाला बघून आलं, कुणी नाक मुरडलं. हा बंद पडला तर निम्म्या रायगड जिल्ह्यातली आपली मुलं बिनलग्नाची राहतील.

आपण महिन्यातून एकदा येऊन एका काळ्या डबीत सगळ्याची नक्कल करून ठेवत होतात. वर्ष झालं, आपण येत नाही. डबी खणात आहे. नक्कल मी करीन. कशी करायची ते लिहावं. सोपं लिहावं.

दुसरं. हुजैफाच्या वडिलांचा कर्जतहून निरोप आला आहे. रमजानच्या आधी हो की नाही ते कळवा. झुहेबच्या लग्नातही त्यांनी हेच विचारलं होतं. आपण "बघू" म्हणालात आणि आणखी रस्सा मागितलात. रस्सा मीच वाढत होते, म्हणून मला आठवतं. बोलणं तिथेच बंद केलं. मिस्बाह आपली मुलगी आहे, पण माझीही भाची आहे. तिला हुजैफा पसंत आहे. अजून काय बघायचं आहे?

पत्र स्वप्नीलच्या टेंपोतून पाठवते. तो खालापूरहून रोज भाजी आणतो. उत्तर त्याच्याजवळ द्यावं. त्याला चहा द्यावा.

जुबेदा


खालापूर
१४ जानेवारी

जुबेदा,

सलाम. चहा दिला. त्याने दोन घेतले.

खरखर पंख्यातल्या धुळीची असणार. ब्रशने झाड. पण वर्षभर नक्कल नाही, हे वाचताना मी उभा होतो, तो खाली बसलो. नक्कल नसलेली फाइल ही फाइल नव्हे. ती अफवा.

नीट वाच. डबीला मी 'माहेर' असं नाव दिलेलं आहे. संगणकात तुझ्या फाइली जिथे राहतात त्या जागेला 'सासर'. तुझ्या लक्षात राहावं म्हणून. 'ने' अशी एक आज्ञा करून ठेवली आहे. तिच्यापुढे आधी लिहायचं कुठून न्यायचं, मग कुठे न्यायचं. डबी जोड, काळी खिडकी उघड आणि लिही:

ने सासर माहेर

एंटर दाब. एवढंच.

ही आज्ञा दोन्ही ठिकाणं तंतोतंत सारखी करते. जे एकीकडे नाही, ते दुसरीकडचंही पुसून टाकते. म्हणून लिहून दिलं आहे तसंच लिही. स्वतःचं डोकं घालू नकोस.

मिस्बाहचा विचार चालू आहे. हुजैफाचं मोटर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे असं तू म्हणाली होतीस. त्या दुकानाला अर्थिंग आहे का? अशा गोष्टींवरून घर कळतं.

अब्बास


नेरळ
१७ जानेवारी

अब्बासभाई यांस,

सलाम. झाडल्यावर खरखर थांबली. नक्कलही झाली.

आपल्या पत्रात एक चूक होती. ती मी सुधारून घेतली. आपण लिहिलंत, सासरहून माहेरी ने. असं जगात कुठे असतं? माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरातून आपल्याकडे काय आलं ते सांगा. साखरेची वाटी आली नाही. येतं ते माहेरून सासरी. गाद्या आल्या, भांडी आली, पहिल्या ईदला शेवया आल्या, दर मे महिन्यात आंबे आले. अम्मी आजारी असतानासुद्धा तिने भाजणीचा डबा पाठवला. घरात पुरुष म्हणून वाढलेल्या माणसाला हे माहीत नसतं. त्यात आपला दोष नाही.

म्हणून मी लिहिलं: ने माहेर सासर.

एंटर दाबल्यावर भराभर ओळी धावल्या. बराच वेळ धावल्या. काम मोठं झालं असावं.

मग बिनलग्नाच्या सगळ्या मुलामुलींचे बायोडेटा एकदम छापून स्वप्नीलबरोबर कर्जतच्या घरांना पाठवले. स्वप्नील टेंपो चालू ठेवून दारात उभा होता, म्हणून गठ्ठा चाळला नाही.

हुजैफाच्या दुकानाला अर्थिंग आहे. मी स्वतः विचारलं. तो म्हणाला, का? मी म्हटलं, मुलीच्या बापाला हवं आहे. तो हसला. बरा हसतो.

जुबेदा


खालापूर
१८ जानेवारी

जुबेदा,

संगणक बंद कर. प्लग काढ. पत्र पुढे वाचण्याआधी काढ.

काढलास? माहेरात गेल्या वर्षीचा माल होता. मी शेवटचा आलो होतो तेव्हाचा. तो तू सासरी आणून ओतलास, आणि जे जुन्यात नव्हतं ते सगळं पुसून टाकलंस. तुझ्या संगणकात आज गेलं वर्ष चालू आहे.

छापलेला गठ्ठा वाटू देऊ नकोस.

अब्बास


नेरळ
२१ जानेवारी

अब्बासभाई,

आपलं पत्र पोचलं तेव्हा गठ्ठा वाटून झाला होता.

गेल्या वर्षी झुहेब बिनलग्नाचा होता. तो परत बिनलग्नाचा झाला. त्याचा बायोडेटा कर्जतला तीन घरांत गेला, त्यातलं एक त्याच्या सासूच्या शेजारचं. आज सकाळी त्याची बायको फराह माझ्या दारात उभी. हातात तो कागद.

"जुबेदाखाला, हा मुलगा कसा आहे?"

मी म्हटलं, "आत ये गं, चहा घे."

"नाही, चौकशी करून जाते. इथं लिहिलंय, घरकामात हातभार लावतो. हे मला कुणी बोललं नव्हतं. लग्नाच्या आधीचा कागद होता त्यात हे नव्हतं."

"ते मी वाढवलं होतं. नंतर काढलं."

"काढलंत कशाला? आता राहू द्या. मी हा घरी फ्रिजवर लावते."

ती हसत होती म्हणून मी वाचले. सगळ्या हसणार नाहीत. कुणाकुणाची लग्नं मोडून परत ठरवायची वेळ येते आहे ते मी बघत बसले आहे. ज्या मुलीला आता मूल झालं आहे तिच्या आईला एकाने फोन केला. वर्षभर जुळवलेलं सगळं गेलं. लोक मला विचारतील, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझा धंदा म्हणजे लोकांचा माझ्यावरचा भरवसा, दुसरं काही नाही.

आपण म्हणाल, डोकं घालू नकोस म्हटलं होतं. ते लिहू नये. ते मला माहीत आहे. गेलेलं परत येतं का, तेवढं लिहावं.

जुबेदा


खालापूर
२२ जानेवारी

जुबेदा,

येईल. पुष्कळसं येईल.

पुसलं म्हणजे जळलं नव्हे. चाळीत बिऱ्हाडं तशीच असतात, दारावरच्या पाट्या कुणीतरी काढून नेलेल्या असतात, असं समज. पण संगणक चालू ठेवला की नवं बिऱ्हाड येऊन त्याच खोलीत सामान मांडतं. मग जुनं गेलं. तुझा संगणक जुना आहे, आत फिरती तबकडी आहे, म्हणून आशा.

संगणकाचा डबा माझ्याकडे पाठव. नुसता डबा, पडदा आणि कीबोर्ड नको. गोधडीत गुंडाळ. टोमॅटोवर ठेवू देऊ नकोस.

जी गोष्ट एकच आहे, जिची दुसरी प्रत नाही, ती हातातून सोडताना माणसाने घाई करू नये. हे मी संगणकाबद्दल लिहितो आहे.

अब्बास


नेरळ
२३ जानेवारी

भाई,

डबा पाठवला. अम्मीच्या गोधडीत गुंडाळला आहे. गोधडी परत पाठवावी.

स्वप्नील म्हणाला, "मावशी, ह्याला मी पुढं बसवतो. मागं वांग्यांत दणकं बसतील." मग त्याने त्याला सीटचा पट्टा लावला. स्वतः कधी लावत नाही.

आणि ते घाई न करण्याचं मिस्बाहबद्दल लिहिलं असतं तरी मी वाचलं असतं.

जुबेदा


खालापूर
३ फेब्रुवारी

जुबेदा,

उशीर झाला. तबकडी कणाकणाने चाळावी लागते.

बहुतेक सगळं आलं. जे तू नंतर छापलंस त्याच्याखाली थोडं दबलं, ते गेलं. पण आलं ते नावाशिवाय आलं. पाट्या गेल्या होत्या ना. प्रत्येक फाइलला नुसता आकडा आहे. बायोडेटात माणसाचं नाव आत लिहिलेलं असतं, ते मी आणि मिस्बाहने वाचून लावलं. फोटोंना तोंड आहे, नाव नाही. एवढी तोंडं मी कारखान्यात वायरमन असताना गेटवरही एकदम पाहिली नव्हती.

सगळे फोटो बारीक करून कागदांवर छापले आहेत, खाली आकडे आहेत. सोबत पाठवतो. प्रत्येकासमोर नाव लिही.

यापुढे तुला आज्ञा लिहायची नाही. रोज दुपारी संगणक आपला आपण नक्कल करील. तारखेनुसार जुन्याही ठेवील. मध्ये तू नाहीस.

फोटो बघताना एक लक्षात आलं. ४१७ नंबरचा मुलगा. कपाळ चांगलं आहे, नजर सरळ आहे. बसण्यात घाई नाही. असा मुलगा तुझ्याकडे असताना मला कधी दाखवला नाहीस. कोण आहे?

अब्बास


नेरळ
६ फेब्रुवारी

भाई,

नावं लिहिली. काही ठिकाणी थोडं जास्त लिहिलं, ते तुझ्यासाठी. ३२ हा मुलगा नव्हे, त्याच्या मागे उभा आहे तो मुलगा. ७७ आणि ७८ एकच मुलगी आहे, एकात पार्लरवालीने केलेली. १५० हा बोकड आहे. मुलाने हौसेने पाठवला होता, स्वतःचा फोटो नंतर.

४१७ हुजैफाचा बाप आहे. पंचविशीतला.

मुलीकडची माणसं विचारतात, मुलाचे केस टिकतील का. म्हणून मी बापाचा तरुणपणचा फोटो आणि आत्ताचा फोटो दोन्ही मागवून ठेवते. मग त्यांचं त्यांना कळतं. आत्ताचा आकड्यांत कुठे आला नाही, तो गेलेल्यांत असेल.

त्याच्या शेजारी ४१८ आहे. तो हुजैफा. तू त्याच्यासमोर काही लिहिलं नाहीस. म्हणजे वर्षभर ज्या मुलाचा विचार चालू होता त्याचा फोटो तू बघितलाच नव्हतास. त्याचा बाप तुला पसंत पडला, पण त्याचं लग्न झालं आहे.

आज डबा आला. चालतो. गोधडी आली नाही.

जुबेदा


खालापूर
९ फेब्रुवारी

जुबेदा,

४१८ पाहिला. मिस्बाहने मोठा करून टेबलावर ठेवला होता. चहा ठेवायला जागा नव्हती.

बरा आहे. विचार चालू आहे. वडिलांचे आत्ताचे केस कळव.

गोधडी धुवायला टाकली आहे.

अब्बास


नेरळ
१६ फेब्रुवारी

भाई,

केस कळवत नाही. आता गरज उरली नाही.

त्या दिवशीच्या चुकीच्या गठ्ठ्यात हुजैफाचाही बायोडेटा गेला होता. गेल्या वर्षी त्याचं तुमच्याकडे बोलणं सुरू झालं नव्हतं, म्हणून तो मोकळ्यांत आला. कळंबच्या खोतांच्या हातात पडला. घर चांगलं आहे. शेती आहे, रिसॉर्टला भाजी-अंडी घालतात. मुलगी हुशार आहे. रविवारी, तेवीसला, ते हुजैफाला बघायला कर्जतला जाणार आहेत. त्याच्या वडिलांनी तरी किती थांबायचं?

तुझी चूक नाही. शब्द मी फिरवले.

आता तुला घाई नाही. निवांत विचार कर.

जुबेदा


खालापूर
१७ फेब्रुवारी

जुबेदा,

चांगलं झालं. मुलीला शुभेच्छा.

खोतांचं घर कळंबमध्ये नक्की कुठल्या बाजूला आलं? सहज विचारतो.

अब्बास


नेरळ
१८ फेब्रुवारी

भाई,

एका स्थळाचा पत्ता दुसऱ्या स्थळाला द्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. सहजसुद्धा नाही.

जुबेदा


खालापूर
१९ फेब्रुवारी, सकाळ

फूफी,

सलाम. मी मिस्बाह. हे पत्र स्वप्नीलकडे देता येत नाही, कारण अब्बू त्याच्याच शेजारी बसून गेले. पोस्टाने पाठवते आहे, म्हणजे कधी मिळेल माहीत नाही.

अब्बूंनी ईदचा शर्ट घातला होता. इस्त्री स्वतः केली. खिशात टेस्टर. कुठे जाता विचारलं तर म्हणाले, "एका ठिकाणी पाहणी आहे." निवृत्त माणसाला कसली पाहणी?

तुमचं कळंबचं पत्र मी वाचलं. टेबलावर उघडंच होतं. मी हुजैफाला फोन केला नाही, कारण त्याने हो म्हटलं असतं तर मला ते ऐकायचं नव्हतं. मला तो हवा आहे हे मी अब्बूंना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी उठून फ्यूज तपासला.

फूफी, ते खोत खरंच जाणार आहेत का? मला शाळेत उद्या गुरुत्वाकर्षण शिकवायचं आहे आणि काही सुचत नाही.

मिस्बाह


खालापूर
२० फेब्रुवारी

जुबेदा,

काल कळंबला जाऊन आलो.

स्वप्नीलच्या टेंपोत पुढे बसलो होतो. नेरळला भाजी उतरवून पुढे सोड म्हणालो. तुझ्या गल्लीवरून जाताना मी खाली वाकलो. स्वप्नील म्हणाला, "काका, नीट बसा. पोलीस नाय, बहीण हाय तुमची." मी म्हणालो, तू पुढे बघ.

कळंबला थांब्याजवळ आवडीबाईंची चहाची टपरी आहे. चहा घेतला. खोतांचं घर विचारलं.

"ते काय, निळ्या पत्र्याचं."

"त्यांना मुलगी आहे ना?"

"हाय ना. एकच हाय. लय गुणाची."

"शिकलेली?"

"शिकतीय की. पाढे म्हणाया लागली का थांबत नाय. कालच पुढचा दात पडला तिचा, समद्यांना दाखवत फिरत होती. तुमी कोण, नवीन मास्तर का?"

मी म्हणालो, वायरमन.

"मंग जरा ह्यो दिवा बघा. सारखा लुकलुकतो."

होल्डर सैल होता. बसवून दिला. तेवढ्यात ती मुलगी आलीच, दुसरीत आहे. मलाही तोंड उघडून जागा दाखवली. मी तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. स्थळाचं काही काढलं नाही.

परत येताना मी राग यायची वाट बघत होतो. यायला हवा होता. नेरळ आलं तरी आला नाही. परत वाकलो, तेव्हा स्वप्नीलने हॉर्न वाजवला, तरीसुद्धा आला नाही. आवडीबाई दात म्हणाल्या त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं होतं, हुजैफा अजून मोकळा आहे. मग वर्षभर मी विचार कशाचा करत होतो ते मला सांगता येईना.

घरात दोन ताटं लागतात. नंतर एक लागेल. विचार बहुतेक याचाच चालू होता. त्याला मी अर्थिंग म्हणत होतो.

कर्जतला मी उतरलो. हुजैफाचे वडील दुकानात पंखा उघडून बसले होते. केस एकही नाही. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "या अब्बासभाई. बघू म्हणायला आलात का?"

मी म्हणालो, "नाही. हो म्हणायला आलो."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आत बघून हाक मारली. हुजैफा पाणी घेऊन आला. ग्लास माझ्या हातात द्यायच्या ऐवजी पंख्यावर ठेवला, मग उचलून माझ्या हातात दिला. मी त्याला स्विचबोर्डाबद्दल एक प्रश्न विचारला. बरोबर उत्तर दिलं. विचारला नसता तरी चाललं असतं.

निकाह ईदनंतर. तारीख तू आणि ते काढा.

घरी येऊन मिस्बाहला सांगितलं. "मी जरा फ्यूज बघून येते," म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. फ्यूज ठीक होता.

तुझ्या फाइलींत मी सगळी नावं वाचली आहेत. त्यात कळंबचे खोत कुठेच नव्हते. मी काही विचारत नाही.

अब्बास


नेरळ
२१ फेब्रुवारी

भाई,

पत्र तीनदा वाचलं. मग घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, वाकण्याचा भाग दोनदा.

खोतांच्या बाबतीत संगणकाची काही चूक झाली असेल. यंत्र आहे.

दुसरं ताट काढून टाकू नकोस. निकाह झाल्यावर शुक्रवारी मी येत जाईन. तुला माझ्या हातचं तिखट लागतं ते मला माहीत आहे. तसंच करीन.

हे पत्र स्वप्नीलकडे देत नाही. त्याच्या शेजारी बसून मी स्वतःच घेऊन येते आहे. दार उघडलंस की आधी हे तुझ्या हातात देईन. उभ्याने वाच. मी बोलणार नाही असं चारचौघांत म्हटलं आहे, ते मला मोडता येत नाही. तेव्हा पहिला शब्द तू बोलायचास. कुठला बोलायचा त्याचा विचार करत बसू नकोस. माझ्या हातात मटणाचं पातेलं आहे आणि ते काठोकाठ भरलेलं आहे.

जुबेदा